मुलग्यांशी बोलणार कोण?

मार्च २०२५ मध्ये केंद्रीय युवक व क्रीडा राज्यमंत्री रक्षा खडसे स्वतः जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरच्या पोलीस ठाण्यात गेल्या. मुक्ताईच्या यात्रेत टोळक्याने मुलींचा पाठलाग केला, मोबाइलवर चित्रीकरण केले, हटकणाऱ्या सुरक्षारक्षकाशी झटापट केली, अशी तक्रार होती. पॉक्सोसोबत माहिती तंत्रज्ञान कायद्याचीही कलमे लागली. नुसती छेड काढून भागत नाही; ती दाखवायलाही हवी असते.

जळगावला छायाचित्रांचा धाक नवा नाही. १९९४ मध्ये उघडकीस आलेल्या वासनाकांडात मुलींना छायाचित्रांच्याच जोरावर धमकावले जात होते. तेव्हा कॅमेरा मोजक्यांच्या हाती होता. आज तो दहावीतल्या पोराच्या खिशात आहे आणि त्याच खिशात बाईला ताब्यात ठेवण्याचे धडे देणारे गुरूही आहेत.

या गुरूंचा म्होरक्या म्हणजे समाजमाध्यमांवर स्त्रीद्वेष पसरवणारा अँड्र्यू टेट. फेसबुक, इन्स्टाग्राम, यूट्यूब यांनी ऑगस्ट २०२२ मध्ये त्याला हाकलले, तरी त्याच्या चित्रफितींचे तुकडे चाहत्यांच्या खात्यांवरून फिरतच राहिले. पोरगा दंड कसे कमवावेत हे शोधतो. एक चित्रफीत शेवटपर्यंत पाहिली की तशीच दुसरी, अधिक कडवी, पुढ्यात येते.

या विखाराला खानदेशात आयती जमीन मिळते. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे जळगाव जिल्ह्यात ८४२ आणि धुळ्यात ८९८ मुली होत्या. ती पिढी आता मिसरूड फुटलेली, लग्नाच्या उंबरठ्यावरची आहे. सोलापुरात डिसेंबर २०२२ मध्ये लग्नाला मुली मिळत नाहीत म्हणून लग्नाळू तरुणांनी बाशिंग बांधून जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला होता. तशा तरुणाला मोबाइल सांगतो, मुलीच माजल्यात. मुली कमी कोणी केल्या, हे मात्र घरातले वडीलधारे त्याला सांगत नाहीत.

आईच्या आठवणीने गहिवरणाऱ्या श्यामला घराघरांत नेणारे साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवत, तिथले वसतिगृहही सांभाळत. मुलग्यांना घडवणे हे शिक्षकाचेच काम, असे तेव्हा मानले जाई. आज शाळा मुलींना स्वसंरक्षण शिकवतात, सीसीटीव्ही लावतात, पोलिसांच्या दामिनी पथकाला बोलावतात. मुलग्यांच्या वाट्याला फार तर दमदाटी येते.

शाळांमधल्या सखी सावित्री समित्यांनी सातवीपासूनच्या मुलग्यांशी नियमित बोलावे. मोबाइलवर काय येते आणि का येते, हे त्यांच्याकडूनच ऐकावे. पालकसभेला आयांबरोबर बापांनाही बोलवावे. कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या महाविद्यालयांची राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गावांत होतात. त्यांतला एक दिवस विद्यापीठाने यंदापासूनच या विषयाला द्यावा आणि गावातल्या पोरांनाही त्यात बसवावे.