यादी नाही, तर बोली नाही

व्यापारी जहाजांच्या तोडणीचे नियम आता आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नकोत. भारत २०१९ मध्ये हाँगकाँग करारात सामील झाला, त्याच वर्षी संसदेने जहाज पुनर्चक्रण कायदा केला आणि २६ जून २०२५ पासून करार अमलात आला. घातक पदार्थांची यादी पाहिल्याशिवाय मालवाहू जहाज प्लॉटवर घ्यायचे नाही, ही शिस्त हळूहळू अंगवळणी पडते आहे. युद्धनौकांना मात्र करार आणि कायदा दोन्ही लागू नाहीत. त्यांच्याबाबतही शक्य तेवढे सुसंगत धोरण ठेवावे, इतकीच अपेक्षा करार सदस्य देशांकडून करतो.

सेवेतल्या नौकेसाठी ही सूट रास्तच आहे. पण निशाण उतरले, शस्त्रे आणि रडार काढून घेतले आणि नौका ई-लिलावात ‘जशी आहे, जिथे आहे’ या अटीवर भंगारात निघाली की गुपिताचा मुद्दा फारसा उरत नाही. धोका मात्र उरतोच. जुन्या नौकांच्या बॉयलरभोवती आणि वाफेच्या पाइपांवर ॲस्बेस्टॉसचे लॅगिंग असते, गॅस्केटांतही ते असते. केबलींच्या वेष्टणात पीसीबी, रंगात शिसे आणि टाक्यांच्या तळाशी तेलाचा गाळ असू शकतो. त्यात युद्धनौका असंख्य लहान, बंद कप्प्यांत विभागलेली असते. प्रत्येक कप्पा वायुमुक्त झाल्याची खात्री न करता तिथे गॅसकटर पेटवणे म्हणजे कामगाराच्या जिवाशी खेळ.

आपल्याकडच्या दोन मोठ्या तोडण्या आठवाव्यात. १९९७ मध्ये निवृत्त झालेली ‘विक्रांत’ काही वर्षे मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. २०१४ मध्ये ती सुमारे ६० कोटींना विकली गेली आणि दारूखान्यात तुटली. २०१७ मध्ये निवृत्त झालेली ‘विराट’ सप्टेंबर २०२० मध्ये अलंगच्या किनाऱ्याला लागली. दोन्ही वेळा प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि वाद बहुतेक स्मारकाचाच झाला. ‘विराट’च्या तोडणीला २०२१ मध्ये स्थगिती मिळाली तेव्हा बराचसा भाग आधीच कापून झाला होता. स्मारक करायचे की नाही, याचा निर्णय लिलावापूर्वीच व्हायला हवा. ‘खुकरी’ निवृत्तीनंतर लगेच दीवला सोपवली गेली, म्हणजे ते जमते. पण दोन्ही विमानवाहू नौका वाफेवर चालणाऱ्या, ॲस्बेस्टॉस सर्रास वापरले जाई त्या काळातल्या ब्रिटिश बांधणीच्या होत्या. कापणाऱ्या कामगाराच्या फुप्फुसात काय जाणार, हा प्रश्न त्या गदारोळात मागेच पडला.

यादीकडे दुर्लक्ष केले की काय होते, हे फ्रान्स आणि ब्राझीलने पाहिले आहे. ‘क्लेमांसो’ अलंगकडे निघाली, पण तिच्यात ॲस्बेस्टॉस किती यावर वाद पेटला आणि फेब्रुवारी २००६ मध्ये तिला परत बोलवावे लागले. शेवटी ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तुटली. तिचीच भगिनी ‘फोश’ पुढे ब्राझीलची ‘साओ पाउलो’ झाली. तुर्कस्तानने २०२२ मध्ये तिला परवानगी नाकारली, ब्राझीलच्या बंदरांनीही थारा दिला नाही आणि ३ फेब्रुवारी २०२३ रोजी ती अटलांटिकमध्ये बुडवण्यात आली. पोलादही गेले आणि विषही समुद्रात गेले.

यापुढे तोडणीला येणाऱ्या कितीतरी नौका भारतीय गोद्यांत बांधलेल्या असतील. माझगाव डॉकमध्ये बांधलेल्या ‘गोदावरी’ वर्गाच्या नौका तर निवृत्तही झाल्या आहेत. अशा नौकांचे आराखडे आणि दुरुस्तीच्या नोंदी देशातच असल्यामुळे यादी करणे अशक्य नाही. नौदलाने निवृत्तीच्या वेळीच ती तयार करावी आणि लिलावाच्या कागदपत्रांना जोडावी. विक्री झाली त्या दिवसापासून त्या सांगाड्याला कायद्याचे सर्व नियम लागू व्हावेत, अशी दुरुस्ती सरकारने करावी.

ती दुरुस्ती होईल तेव्हा होवो. तोवर थांबण्याचे कारण आपल्याला नाही. यादी नसलेल्या नौकेवर एकाही यार्डाने बोली लावली नाही, तर पुढच्या लिलावात यादी आपोआप येईल.