मनाच्या तुटीचा हिशेब

राष्ट्रावर आलेल्या संकटाची मोजदाद करण्याची अर्थशास्त्राची एक ठरीव रीत आहे. उत्पादन किती घटले, रोजगार किती बुडाला, तिजोरीवर किती भार पडला, हे आकडे मांडले की हिशेब पुरा झाला असे आम्ही मानतो. २०२० च्या एप्रिल ते जून या तिमाहीत भारताचे राष्ट्रीय उत्पादन आदल्या वर्षाच्या तुलनेने जवळजवळ एक चतुर्थांशाने घटले. पुढील वर्षी ते सावरले आणि आमच्या आलेखांनी संकट सरल्याचा निर्वाळा दिला. मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही कोविडची आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. तथापि या साऱ्या जमाखर्चात एक रकाना कोराच राहिला आहे. तो माणसाच्या मनाचा.

या रकान्याची जाणीव प्रस्तुत लेखकाला उशिरा झाली, हे कबूल केले पाहिजे. महाविद्यालये बंद असताना आम्ही दूरस्थ वर्ग घेत होतो. पडद्यावर चेहरे नसत, नुसत्या नावांच्या चौकटी असत. त्यांतील एका विद्यार्थ्याची हजेरी पूर्ण भरली होती. वर्ग प्रत्यक्ष सुरू झाल्यावर तो दिसेना, म्हणून चौकशी केली. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत त्याचे वडील गेले होते आणि तो एका गोदामात हमाली करीत होता. खिशातला फोन तेवढा वर्गाला ‘हजर’ राहत होता. हे कोणाला सांगितले का नाहीस, असे विचारले असता तो म्हणाला, “सर, सांगायला कोणी भेटलेच नाही.”

या एका वाक्यात दीर्घकाळ चाललेल्या साथीचे मर्म आहे. आपल्या समाजात दुःख पेलण्याची काही जुनी व्यवस्था आहे. खांदा देणारे चौघे, शेजारघरून येणारा कडू घास, समाचाराला येऊन न बोलता बसून जाणारी माणसे, ही ती व्यवस्था होय. साथीने माणसे नेली, आणि त्यांच्यामागे रडण्याची ही सोयही नेली. उत्पादन जसे पुढील तिमाहीत भरून निघते, तसे न रडलेले दुःख भरून निघत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साथीच्या पहिल्याच वर्षात चिंता व नैराश्य या विकारांचे जगातील प्रमाण २५ टक्क्यांनी वाढले. आपल्याकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या दफ्तरी २०१९ साली १,३९,१२३ आत्महत्यांची नोंद आहे. २०२१ साली ही संख्या १,६४,०३३ झाली. त्यांत रोजंदारीवर जगणारे ४२,००४ होते, म्हणजे दर चारांमागे एकाहून अधिक. ही सारी वाढ साथीच्याच माथी मारणे शास्त्राला धरून होणार नाही. परंतु मनाचे आजार म्हणजे सुखवस्तूंचे चोचले, असे म्हणणाऱ्यांना हे आकडे निरुत्तर करतात. ज्याची चूल रोजच्या मजुरीवर पेटते, त्याचे मन त्या मजुरीपासून वेगळे काढता येत नाही. ‘मन खंबीर ठेवा’ हा उपदेश त्याला करणे सोपे आहे, कारण उपदेशाला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही.

वस्तुतः कायद्याची उणीव नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचार हा नागरिकाचा हक्क मानला आहे. परंतु हक्क आणि दवाखाना यांतले अंतर मोठे आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात, निरनिराळ्या विकारांच्या ७० ते ९२ टक्के रुग्णांना उपचारच मिळत नसल्याचे आढळले होते. साथ आली ती या उघड्या घरावर. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘टेलि-मानस’ ही सेवा सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर कोणत्याही वेळी विनामूल्य सल्ला मिळतो. हे पाऊल स्वागतार्ह आहे. मात्र ज्याला बोलावेसेच वाटत नाही, तो दूरध्वनी उचलणार नाही. त्याच्यापर्यंत कोणीतरी चालत गेले पाहिजे.

म्हणून दोन गोष्टींचा आग्रह धरावासा वाटतो. प्रत्येक महाविद्यालयात एक प्रशिक्षित समुपदेशक असावा, आणि ते काम एखाद्या प्राध्यापकाच्या माथी जादा म्हणून मारले जाऊ नये. दुसरे असे, की पुढे कधी व्यवहार बंद करण्याची वेळ आली, तर बंदीच्या हुकुमाबरोबरच बुडणाऱ्या मजुरीच्या भरपाईचाही हुकूम निघावा. रोजंदारीवरील माणसाच्या मनःस्वास्थ्याचा पहिला उपचार तोच आहे.

शिक्षकाला मात्र कोणत्याही तरतुदीची वाट पाहण्याचे कारण नाही. त्या मुलाची हजेरी मी रोज मांडीत होतो. तो कसा आहे, हे मात्र एकदाही विचारले नव्हते.