घराची अब्रू की बाईची अमानत?

कुठलंही संकेतस्थळ उघडलं की अगदी तळाशी बारीक अक्षरांत ‘वापराच्या अटी’ अशी एक ओळ असते. ती कुणी उघडत नाही. रेल्वेचं तिकीट काढताना, शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना, नवं ॲप घेताना आपण ‘मला मान्य आहे’च्या चौकोनात खूण करतो आणि पुढे जातो. त्यात फारसं बिघडत नाही. फार तर चार फालतू मेसेज जास्त येतात.

घरात मार खाणाऱ्या बाईला मदत करणाऱ्या संस्थेच्या पानावर मात्र या ओळीचं वजन वेगळं असतं. तिथे काय लिहिलं आहे, काय लिहायचं राहून गेलं आहे, यावरून त्या रात्री तिच्या घरात काय होईल हे ठरू शकतं. हा विषय आज घेण्याचं कारण असं की आपल्यातले बरेच तरुण आता या कामात उतरत आहेत. कुणी मोहल्ल्यात समुपदेशन केंद्र चालवतं, कुणी व्हॉट्सॲपचा एक नंबर जाहीर करतं, कुणी गुगल फॉर्म बनवून त्याची लिंक पसरवतं. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण पानाच्या तळाशी ज्या अटी टाकल्या जातात त्या बऱ्याचदा दुसरीकडून उचललेल्या, इंग्रजीत, आणि कपडे विकणाऱ्या दुकानाला शोभतील अशा असतात. ‘या पानाचा वापर केल्याने होणाऱ्या कोणत्याही नुकसानीस आम्ही जबाबदार राहणार नाही.’ हे वाक्य संस्थेला वाचवतं. दार वाजवणाऱ्या बाईसाठी त्यात काही नाही.

ती दार वाजवते हीच मुळात दुर्मीळ गोष्ट आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या विवाहित किंवा विवाह होऊन गेलेल्या १८ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसली आहे. महाराष्ट्रात हे प्रमाण सुमारे २५ टक्के. त्याच पाहणीत दुसरा आकडा आहे, त्याची चर्चा कमी होते. शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के जणींनी मदत मागितली. ७७ टक्के जणींनी मदत मागितली नाही आणि कुणाला सांगितलंही नाही. आईलाही नाही, बहिणीलाही नाही. अशी एखादी बाई रात्री दीड वाजता मोबाइलच्या उजेडात तुमचं पान उघडते तेव्हा ती आयुष्यात पहिल्यांदा हे कुणाला तरी सांगायला निघालेली असण्याची शक्यता मोठी आहे.

आणि तो मोबाइल तिचाच असेल असंही नाही. स्वतः वापरता येईल असा मोबाइल असलेल्या स्त्रिया देशात सुमारे ५४ टक्के, असं हीच पाहणी सांगते. उरलेल्या नवऱ्याचा, दिराचा, मुलाचा फोन घेतात. ज्यांच्याकडे स्वतःचा आहे त्यांच्यातही पासवर्ड नवऱ्याला ठाऊक असणं ही आपल्याकडे प्रेमाची खूण समजली जाते.

ब्रिटनमध्ये या कामाला पन्नासहून अधिक वर्षं झाली. लंडनच्या चिझिक भागात १९७१ साली मारहाणीतून सुटून आलेल्या बायकांसाठी निवारा उघडला, त्यातून पुढे ‘रेफ्यूज’ ही संस्था उभी राहिली. ‘विमेन्स एड’ १९७४ ची. तिथल्या अशा संस्थांच्या पानांवर एक ठळक बटण दिसतं: ताबडतोब बाहेर पडा. ते दाबलं की पान बदलतं आणि हवामान किंवा गुगल असं काहीतरी साधं समोर येतं. मागून कुणी खोलीत आलं तर बाईला एका क्षणात स्क्रीन बदलता यावी म्हणून ही सोय.

आता आपल्याकडेही काही जण हे बटण लावतात. चांगलं आहे. पण ते बटण काय करत नाही हे शेजारीच लिहिलं पाहिजे. त्याने हिस्टरी पुसली जात नाही. नवऱ्याने नंतर फोन उघडला तर तुमच्या पानाचं नाव यादीत दिसेल. फोनवर त्याचंच गुगल खातं चालू असेल तर ती यादी त्याला दुकानात बसून, स्वतःच्या फोनवरही दिसू शकते. इन्कॉग्निटोमध्ये उघडलं तर हिस्टरी राहत नाही, पण फोनमध्ये कुणी पाळतीचं ॲप टाकलं असेल तर इन्कॉग्निटोचा काही उपयोग नाही. सगळी हिस्टरी एकदम पुसणं हेही धोक्याचं; रोज भरलेली असणारी यादी अचानक कोरी दिसली की संशयी माणूस तिथेच प्रश्न विचारतो. त्यापेक्षा तेवढीच एक नोंद काढणं बरं. पाळतीचा संशय असेल तर मैत्रिणीचा फोन, कॉलेजचा संगणक, दवाखान्यात भेटणाऱ्या आशाताईंचा फोन वापरावा. आणि १८१ लावला तर तोही फोनच्या कॉल यादीत राहतो, तो काढावा लागतो. हे सगळं मराठीत आठ-दहा ओळींत मावतं. आमच्या मते कायदेशीर सूचनेच्याही वर, अगदी माथ्यावर, या ओळी हव्यात.

त्यानंतर तिला जाणून घ्यायचं असतं की तिचा मेसेज कोण वाचणार. ‘आमची टीम’ हे उत्तर पुरत नाही. मालेगाव असो, मिरज असो की भिवंडी, आपल्या वस्त्या लहान आहेत आणि नाती गुंतलेली आहेत. टीममधला एखादा मुलगा तिच्या नवऱ्याच्या मामेभावाचा दोस्त निघणं अगदी सहज शक्य आहे. म्हणून अटींत साफ लिहा: मेसेज दोनच जणी वाचतील, त्यांपैकी कुणाचं तुमच्या सासरशी नातं किंवा व्यवहार असेल तर ती बाजूला होईल आणि तसं तुम्हाला कळवेल. उत्तर किती तासांत मिळेल ते लिहा. रात्री कुणी बसत नसेल तर ‘चोवीस तास तुमच्यासोबत’ असं लिहू नका. जिवावर बेतलं असेल तर ११२ लावा, हे मोठ्या अक्षरांत लिहा. आणि तिने सुरक्षित वेळ सांगितल्याशिवाय तिला उलटून फोन करणार नाही, हे वचन द्या. आपले कार्यकर्ते उत्साही असतात. ‘बाजी, कैसे हो? कल आप का मेसेज आया था’ असा एक प्रेमळ मेसेज सकाळी नाश्त्याच्या वेळी जातो आणि फोन सासूच्या हातात असतो.

गुप्ततेचं वचन देताना त्याची मर्यादाही सांगावी लागते. मुलाबाळांवर लैंगिक अत्याचार होत असल्याचं कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, संस्थेवरही. ‘तुम्ही सांगाल ते कुणालाही कळणार नाही’ असं लिहून नंतर पोलिसांकडे जाणं म्हणजे तिला फसवणं. आधी सांगा. ती काय सांगायचं ते तिचं ती ठरवेल.

प्रौढ बाईच्या स्वतःच्या बाबतीत निर्णय तिचाच. २००५ चा कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे आणि तो सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. ‘आमचा पर्सनल लॉ वेगळा’ असं सांगून तो कुणी टाळू शकत नाही. त्यात मारहाणीबरोबर शिव्या, अपमान, खर्चाला पैसे न देणं, तिचं स्त्रीधन अडकवून ठेवणं हेही हिंसाचारात मोडतं. सामाईक घरात राहण्याचा हक्क कलम १७ ने दिला आहे, घर कुणाच्या नावावर आहे याला तिथे महत्त्व नाही. सुनावणी बंद दाराआड घेण्याची सोय कलम १६ मध्ये आहे. आणि नोंदणीकृत सेवादायी संस्थेने घटनेचा अहवाल नोंदवायचा तो बाईची तशी इच्छा असेल तर, असं कलम १० म्हणतं. तिच्या इच्छेला कायद्याने दिलेली ही जागा अटींतही दिसली पाहिजे. ‘आम्ही योग्य ती कारवाई करू’ या वाक्यात ती दिसत नाही.

इथे काही ज्येष्ठांची हरकत येते, आणि ती टाळून पुढे जाता येणार नाही. ते म्हणतात, घरातली गोष्ट घरात राहावी, फार तर जमातीपर्यंत जावी. आपल्या दीनमध्ये दुसऱ्याचे ऐब झाकायला सांगितलं आहे. झाकायला सांगितलं आहे हे खरं. पण ज्याच्यावर जुलूम झाला त्याला बोलण्याची सवलत सूरह निसाच्या १४८ व्या आयतीत स्पष्ट आहे. वाईट गोष्ट उघड बोलणं अल्लाहला आवडत नाही, असं सांगून तिथेच पीडिताचा अपवाद केला आहे. आणि दुसऱ्यांची टेहळणी करू नका हा हुकूम सूरह हुजुरातच्या १२ व्या आयतीत आहे. बायकोच्या फोनमध्ये लपवून ॲप टाकणाऱ्याला ही आयत कुणी ऐकवताना आम्ही तरी पाहिलेलं नाही. झाकण्याची शिकवण नेहमी तिलाच का आठवून दिली जाते?

गुप्तता दोन प्रकारची असते. एक घराच्या अब्रूसाठी, तिच्यात बाईने गप्प बसायचं असतं. दुसरी बाईच्या सुरक्षिततेसाठी, तिच्यात ऐकणाऱ्याने गप्प बसायचं असतं. विश्वासाने सांगितलेली गोष्ट ही अमानत आहे हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं आहे. तरीही जमातीकडे दिलेल्या तक्रारअर्जाचा फोटो कमिटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो, तिथून दुसऱ्या ग्रुपवर, आणि संध्याकाळपर्यंत नुक्कडवर चर्चा सुरू. समेट घडवणाऱ्या बुजुर्गांनीही आपली एक पानाची लेखी अट तयार करावी, असं आम्हाला वाटतं. अर्ज कोण वाचेल, तो कुठे ठेवला जाईल, आणि नवऱ्याचा नातेवाईक कमिटीवर असेल तर तो त्या दिवशी बैठकीतून उठेल.

भाषेचं आता कायदाही सांगतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशी तरतूद आहे की संमती घेताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचण्याचा पर्याय माणसाला मिळाला पाहिजे. मराठी आणि उर्दू, दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. तोवर थांबायची गरज नाही. मात्र नुसतं भाषांतर पुरणार नाही. आपल्या कितीतरी घरांत दखनी बोलतात, कोकणात कोकणी मुसलमानांची बोली आहे, आणि बऱ्याच जणींना ऐकणं वाचण्यापेक्षा सोपं जातं. दीड मिनिटाचा आवाज रेकॉर्ड करून लावा. बाईच्या आवाजात. तो आपोआप सुरू होऊ देऊ नका. तिने दाबल्यावरच वाजावा.

याच कायद्यात संमती विनाअट असली पाहिजे असंही म्हटलं आहे, आणि हा शब्द आपल्या संस्थांनी नीट वाचावा. शिलाई मशीन, महिन्याचा किराणा, वकिलाची फी देताना ‘तुमची कहाणी आम्ही छापू शकतो’ अशी सही घेतली जाते. किराण्याची गरज असलेली बाई कुठल्या तोंडाने नाही म्हणेल? चेहरा धूसर केला, नाव बदललं, तरी मागचा पडदा, हातातल्या बांगड्या, बोलण्यातला लातूरचा हेल यावरून ओळखणारे ओळखतात. देणगीदारांना दाखवायला कहाण्या लागतात हे आम्हाला समजतं. मग दोन कागद वेगळे ठेवा. मदतीचा कागद आज, कहाणीचा सहा महिन्यांनी, आणि दुसऱ्यावर सही केली नाही तरी पहिल्यातलं काही कमी होणार नाही असं त्यावर छापा.

माहितीही तेवढीच मागा जेवढी कामाला लागते. पहिल्याच फॉर्मवर आधार क्रमांक, नवऱ्याचं पूर्ण नाव, घराचा पत्ता आणि जखमेचा फोटो कशाला? एक टोपणनाव, संपर्काची सुरक्षित वेळ आणि काय हवं आहे, एवढं पुरतं. बाकीचं भेटीत.

शेवटी, ही माहिती पुसणार कोण, ते अटींत बहुतेक कुठेच लिहिलेलं नसतं. आपल्या संस्था स्वयंसेवकांवर चालतात आणि स्वयंसेवक दोन-तीन वर्षांत बदलतात. कुणाचं लग्न होतं, कुणाला पुण्यात नोकरी लागते, कुणी कतारला जातो. फॉर्मला जोडलेलं गुगल शीट मात्र त्याच्या फोनवर तसंच उघडत राहतं. प्रकरण संपल्यावर किती महिन्यांनी नोंदी काढल्या जातील, बाईने स्वतः सांगितलं तर किती दिवसांत काढल्या जातील आणि गेलेल्या स्वयंसेवकाचा प्रवेश कोण बंद करेल, हे तारखेसह आणि जबाबदार व्यक्तीच्या पदासह लिहा. तुमच्या संस्थेचं असं शीट असेल तर आज रात्री उघडून पाहा, ते कितीजणांना दिसतं.