चांदीपुराची कळ कुठे आहे?

विदर्भातल्या एका गावाचे नाव लावून फिरणारा विषाणू दर काही वर्षांनी पावसाळ्याच्या सुमारास डोके वर काढतो. १९६५ मध्ये नागपूरजवळच्या चांदीपुरा येथील तापाच्या दोन रुग्णांच्या रक्तात तो सापडला. शोध लावला पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेने. पुढे बराच काळ तो किरकोळ मानला गेला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशातील साथीत ३२९ मुले मेंदूज्वराने आजारी पडली, १८३ दगावली आणि तो समज संपला. २०२४ च्या जून ते ऑगस्टमध्ये देशात मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले, त्यातले ८२ दगावले. चांदीपुरा निश्चित झालेल्या ६४ जणांपैकी बहुतेक गुजरातमधले होते. या आजारावर आजही खास औषध नाही, लसही नाही.

हा विषाणू इतका झपाट्याने वाढतो कसा, याचे उत्तर त्याच्या आरएनएच्या एका टोकाला आहे. माणसाच्या पेशीत हजारो जनुके आहेत आणि ती वाचायला कुठून सुरुवात करायची, हे सांगणाऱ्या खुणाही जागोजागी आहेत. या खुणेला प्रमोटर म्हणतात. चांदीपुराच्या सुमारे अकरा हजार अक्षरांच्या आरएनएवर जनुके अवघी पाच, पण वाचनासाठी आत शिरण्याची जागा एकच. विषाणूचे पॉलिमरेज हे विकर या टोकाला बसते आणि एकामागून एक जनुकाचा उतारा काढत पुढे सरकते. प्रत्येक उताऱ्यावरून पेशी त्या जनुकाचे प्रथिन तयार करते.

दोन जनुकांच्या सांध्यावर मात्र काही पॉलिमरेज गळून पडतात. या कुळातल्या विषाणूंत हे प्रमाण साधारण तीस टक्के आढळते. शंभर जणांनी पहिले जनुक वाचले, तर दुसऱ्यापर्यंत सत्तरच पोहोचतात. गळालेल्याला मधूनच सुरुवात करता येत नाही, पुन्हा पहिल्या टोकाशीच यावे लागते. त्यामुळे पहिल्या जनुकाचे प्रथिन सर्वाधिक बनते आणि शेवटच्याचे सर्वांत कमी. विषाणूची गरजही नेमकी तशीच असते. पहिले प्रथिन त्याच्या आरएनएला पांघरूण घालते, म्हणून ते भरपूर लागते. शेवटचे म्हणजे खुद्द पॉलिमरेजचा मुख्य भाग, तो थोडाच पुरतो. कशाचे किती, हा सारा हिशेब जनुकांच्या क्रमातच लिहिलेला आहे.

हा क्रम मोडला तर? गुरांना आणि घोड्यांना होणाऱ्या व्हेसिक्युलर स्टोमॅटायटिसचा विषाणू चांदीपुराचा जवळचा भाऊबंद. अमेरिकी संशोधकांनी १९९८ मध्ये त्याचे पहिले जनुक एकेक जागा मागे सरकवले. प्रत्येक पायरीला विषाणूची वाढ मंदावली आणि उंदरांसाठी तो कमी जीवघेणा झाला. पुढच्या प्रयोगांत अशा दुबळ्या विषाणूने उंदरांना मूळ विषाणूपासून संरक्षणही दिले. एखादे अक्षर बदलून दुबळा केलेला विषाणू पुन्हा उलटू शकतो. बदललेला क्रम पूर्ववत करणे मात्र त्याला फार अवघड जाते. लसीच्या दृष्टीने ही मोठी जमेची बाजू आहे. याच भाऊबंदात फेरफार करून इबोलाची लस तयार झाली आणि २०१९ मध्ये तिला युरोप-अमेरिकेत मान्यता मिळाली.

म्हणजे वाट माहीत आहे, उणीव सातत्याची आहे. साथ आली की पथके धावतात, नमुने जातात, फवारणी होते. साथ ओसरली की चांदीपुरा विस्मरणात जातो. रुग्ण कमी आणि तेही बहुतांश ग्रामीण, गरीब घरांतले, त्यामुळे खासगी कंपन्यांना यात बाजारपेठ दिसत नाही. हे काम सरकारी प्रयोगशाळांनीच करायचे आहे आणि त्यासाठी साथ नसलेल्या वर्षांतही पैसा मिळायला हवा.

लस येईपर्यंत भिस्त दक्षतेवर. सँडफ्लाय ही चिमुकली माशी हा विषाणू पसरवते. मातीच्या भिंतींच्या भेगा बुजवणे, गोठा स्वच्छ व कोरडा ठेवणे आणि मुलांना बारीक जाळीच्या मच्छरदाणीत झोपवणे, हे घरोघरी करता येते. लहान मुलाला तापासोबत झटके, उलट्या किंवा गुंगी आली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. २००३ मध्ये दगावलेल्यांपैकी बहुतेक मुले रुग्णालयात आल्यापासून चोवीस तासांतच गेली होती.