खामगावात ‘मँगो’ सापडतो, मग चिखलीत ‘चिल’ का नाही?

खामगावचं इंग्रजी स्पेलिंग लिहून बघा : के, एच, ए, एम, जी, ए, ओ, एन. यातली पाच अक्षरं उचलली की ‘मँगो’ तयार होतो. मेहकरमधून ‘मेकर’ आणि ‘मार्क’ निघतात. लोणारमध्ये तर ‘लोन’च आहे (शेतकऱ्यांनी मनावर घेऊ नये). पण चिखलीतून ‘चिल’ काढायला गेलात तर अडकाल. सी, एच, आय आहेत. एल मात्र एकच, आणि ‘चिल’ला दोन लागतात. शेगावातून ‘सीझन’ही होत नाही, कारण त्याला दोन एस हवेत.

हा टाइमपास वाटेल. पण दिलेल्या शब्दातल्या अक्षरांपासून खालीलपैकी कोणता शब्द बनणार नाही, हा एसएससीच्या परीक्षांमधला जुना प्रश्न आहे. आपल्याकडे अभ्यासिकेत बसणारी बरीच मुलं मराठी माध्यमातली. पर्यायांत लांबलचक इंग्रजी शब्द दिसले की ‘आपलं इंग्रजी कच्चं’ म्हणून प्रश्न सोडून पुढे जाण्याचा मोह होतो. माझ्या मते हा सोडण्यासारखा प्रश्नच नाही. त्यात शब्दाचा अर्थ कुणी विचारत नाही. एबीसीडी येते आणि दोनपर्यंत मोजता येतं, एवढं पुरतं.

कॉम्प्युटर हे कसं करतो, ते पाहिलं की पटेल. खामगावची आठ अक्षरं उलटसुलट मांडत बसलो, तर ए दोनदा असल्यामुळे 20,160 मांडण्या होतात. त्या वाटेला प्रोग्रॅम जात नाही. तो 26 अक्षरांचे 26 कप्पे करतो आणि कोणतं अक्षर किती वेळा आलं ते लिहून ठेवतो. खामगावच्या ए कप्प्यात 2, इतर सहा अक्षरांच्या कप्प्यांत 1, बाकी सगळीकडे शून्य. मग डिक्शनरीतला एकेक शब्द घेऊन त्याचे कप्पे याच्याशी ताडून पाहतो. एखाद्या कप्प्यात मागणी जास्त निघाली की शब्द बाद. मोबाइलवर अक्षरं टाकली की शब्दांची यादी देणारी ॲप्स साधारण हेच करतात. त्यांना इंग्रजी येतं असा गैरसमज नको. शब्दांची यादी आणि मोजणी, बस.

सगळी अक्षरं वापरूनच दुसरा शब्द हवा असेल तर युक्ती आणखी सोपी आहे. शब्दातली अक्षरं एबीसीडीच्या क्रमाने लावायची. ‘लिसन’ आणि ‘सायलेंट’ दोन्हींचं उत्तर एकच येतं : ई, आय, एल, एन, एस, टी. जॉन बेंटली यांच्या ‘प्रोग्रॅमिंग पर्ल्स’ या पुस्तकात ही युक्ती आहे आणि इंजिनिअरिंगची मुलं ती मुलाखतीसाठी घोकतात. बारावीनंतर भरतीची तयारी करणाऱ्याला ती कुणी सांगत नाही, याचं मला नवल वाटतं.

परीक्षेत हेच उलट्या बाजूने वापरा. मूळ शब्दाकडे नंतर बघा. आधी पर्यायात एखादं अक्षर दोनदा आलंय का ते शोधा. फसवणूक बहुतेक तिथेच असते. मग मूळ शब्दात अजिबात नसलेलं अक्षर शोधा. सीजीएलच्या पहिल्या टप्प्यात 60 मिनिटांत 100 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला 36 सेकंद. सरावाने याला तेवढीही लागत नाहीत.

बँकांच्या परीक्षांमधला याचा भाऊ मात्र वेगळा आहे. तिथे चार अक्षरं देतात आणि विचारतात, यांपासून अर्थपूर्ण इंग्रजी शब्द किती होतील? समजा ए, आर, एस, टी दिले. ‘स्टार’, ‘रॅट्स’, ‘आर्ट्स’ सुचतात आणि आपण ‘तीन’वर खूण करतो. पण टी-एस-ए-आर हाही शब्द आहे, रशियाचा झार. बरोबर उत्तर होतं ‘तीनपेक्षा जास्त’. इथे मोजणी कामाची नाही. चार अक्षरांच्या 24 मांडण्या भराभर केल्या तरी झार माहीत नसेल तर तो दिसणार नाही.

माझा आक्षेप इथे आहे. बँकांच्या क्लार्क भरतीच्या परीक्षा 13 प्रादेशिक भाषांमध्ये घेण्याचा निर्णय केंद्राने 2021 मध्ये जाहीर केला, त्यात मराठी आहे. पण या प्रश्नाचा अनुवादच होत नाही. इंग्रजी शब्दसंपत्ती तपासायला इंग्रजीचा वेगळा विभाग असतो. तर्कक्षमतेच्या विभागात पुन्हा झार कशाला?

त्याऐवजी मराठी अक्षरं द्यावीत, असं कुणी म्हणेल. तेही वाटतं तितकं सोपं नाही. ‘खामगाव’ आपल्या डोळ्यांना चार अक्षरांचा शब्द. कॉम्प्युटरच्या युनिकोडमध्ये काने वेगळे धरून तो सहा चिन्हांचा. काना हलवायला परवानगी असेल तर त्यातून ‘माग’ निघतो, नसेल तर नाही. ‘गाव’ दोन्हीकडे चालतो. म्हणजे आधी अक्षर कशाला म्हणायचं हे प्रश्नपत्रिकेत एका ओळीत लिहावं लागेल. लिहायला काय हरकत आहे?