पाण्याच्या वाटेनें

अलीकडे आपल्या लोकांच्या बहुतेक घरांतील एखादा मुलगा, मुलगी किंवा भाचा ऑस्ट्रेलियांत जाऊन स्थायिक झालेला असतो, व त्याचे आईबाप तीन-चार महिने तिकडे राहून येतात. परत आल्यावर त्यांस 'काय पाहिलें?' म्हणून विचारावें, तर सिडनीचें संगीतगृह, मेलबर्नची ट्राम आणि नातवंडांची शाळा, एवढ्यांत तें सबंध खंड आटोपतें! यांत त्यांस दोष देण्याचा आमचा हेतु नाहीं. त्या देशचे रहिवासी देखील बहुतांशीं समुद्रकांठींच दाटून राहिलेले आहेत. पोटांतील विस्तीर्ण प्रदेश, ज्यास ते 'आउटबॅक' म्हणतात, तो त्यांच्यांतीलच पुष्कळांनीं पाहिलेला नसतो. आम्ही उभयतां मात्र गेल्या जून-जुलैंत उत्तर किनाऱ्यावरील डार्विन येथून निघालों, आणि स्टुअर्ट महामार्गानें दक्षिणेस पोर्ट ऑगस्टापर्यंत गेलों. हा रस्ता सुमारें २,७०० किलोमीटरांचा. आडवाटा धरून आमची मजल चार हजारांच्या घरांत गेली.

बेत घरांत फुटला तेव्हां एकच गिल्ला झाला. बंधूंनीं चारधामाची आठवण दिली, सूनबाईंनीं रक्तदाबाची. सिडनीच्या भाच्यानें तर, त्या रस्त्यावर कोसच्या कोस वस्ती नाहीं, असें बजावून लिहिलें. शेवटीं आमचें कुटुंब स्वयंपाकघराच्या दारांतून म्हणालें, "चाळीस वर्षें बारा माणसांचा स्वयंपाक केला. आतां बावीस दिवस दोघांपुरता करीन म्हणतें." यावर कोणी कांहीं बोललें नाहीं. मोटार हांकण्यास आम्ही निवृत्तीनंतर शिकलों होतों, व वाहनें तिकडेहि डाव्या बाजूनेंच चालतात. त्यामुळें ती अडचण उरली नाहीं.

डार्विनची हवा कोंकणाचीच समजावी. जुलैंत आंब्यास मोहर! परंतु दक्षिण गोलार्धांत तोच हिवाळा. तेथील गोरे लोक दोनच ऋतु मानतात, ओला आणि कोरडा. पूर्वेकडे काकाडूचें राष्ट्रीय उद्यान आहे, सुमारें वीस हजार चौरस किलोमीटरांचें. तेथील मूळ रहिवासी मात्र ऋतु सहा मानतात. ज्यानें उभा जन्म मुलांकडून वसंत-ग्रीष्म घोकून घेतले, त्यास ही सहाची संख्या ऐकून केवढा आनंद झाला असेल, हें वाचकांनींच ताडावें. त्यांचे ऋतु आपल्यासारखे दोन-दोन महिन्यांचे सारखे वांटे नव्हेत. महापावसाचा 'गुडजेवग' तीन महिन्यांचा, तर वाढलेलें गवत आडवें पाडणाऱ्या वादळांचा 'बांगरेंग' जेमतेम एका महिन्याचा. पुढें धुक्याचा 'येग्गे' लागला, कीं गवत अर्धवट ओलें असतांनाच ते लोक जागोजाग लहान लहान वणवे लावतात. म्हणजे कडक उन्हाळ्यांत मोठा वणवा भडकावयास जळण उरत नाहीं. रस्त्याच्या कडेस असा धूर आम्हीं अनेक ठिकाणीं पाहिला. पंचांग भिंतीवर टांगलेलें नसून रानांत लिहिलेलें आहे, असें जें म्हणतात, तें येथें अक्षरशः खरें आहे.

त्याच उद्यानांत उबिर नांवाच्या खडकांवर चित्रें आहेत. मासे असे काढले आहेत कीं, आंतील कांटे व आंतडींहि दिसावीं. एका उंच कड्यावर पट्टेदार लांडग्यासारख्या प्राण्याचें चित्र आहे. तो प्राणी त्या भूमीवरून नाहींसा होऊन दोन हजारांहून अधिक वर्षें लोटलीं. म्हणजे चित्र निदान तितकें जुनें! नद्यांच्या कांठीं मात्र रसिकता आवरती घ्यावी. खाऱ्या पाण्यांतील मगरीस १९७१ सालीं कायद्याचें संरक्षण मिळाल्यापासून तिचा वंश फार वाढला आहे, आणि पाण्याजवळ उभें राहूं नये अशा पाट्या जागोजाग लावलेल्या आहेत. डार्विनच्या दक्षिणेस लिचफील्ड येथें वाळवीचीं वारुळें पाहिलीं, पुरुषभर उंच, पातळ, आणि सर्व एकजात दक्षिणोत्तर. मध्यान्हीचें ऊन अरुंद कडेवर पडावें आणि आंतील उष्मा बेताचा राहावा, अशी ही रचना आहे. वाल्मीकींच्या कथेंतील वारुळाची दिशा कोणती होती, हें कोणी टीकाकारानें लिहिल्याचें आमच्या पाहण्यांत नाहीं.

कॅथरीन गांव मागें पडल्यावर हिरवाई विरळ होऊं लागते, आणि रस्ता सरळ होतो. इतका सरळ, कीं समोरून येणारें वाहन आधीं पाण्याच्या ठिपक्यासारखें थरथरतांना दिसतें. साडेत्रेपन्न मीटरांपर्यंत लांबीच्या मालमोटारींच्या गाड्या या रस्त्यावर धांवतात. अशी एक बाजूनें गेली म्हणजे आपली मोटार पानासारखी हालते. हा रस्ता येथूनच कां गेला, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. जॉन मॅक्डुअल स्टुअर्ट नांवाचा प्रवासी १८६२ च्या जुलैंत दक्षिणेकडून येऊन उत्तर समुद्रास पोंचला. आधींच्या फेऱ्यांत तो मधूनच परतला होता. एक पाणवठा सांपडला म्हणजे पुढचा हुडकावयाचा, ही त्याची रीत. त्याच्या मागानें चार्ल्स टॉड याच्या देखरेखीखालीं १८७० ते १८७२ या दोन वर्षांत सुमारें ३,२०० किलोमीटरांची तार ओढण्यांत आली. लंडनचा निरोप त्या काळीं मुंबईस येई, मुंबईहून मद्रासेस, तेथून समुद्राच्या तळानें पेनांग, सिंगापूर, जावा व डार्विन असा जाऊन मग या रानांतून दक्षिणेस धांवे. तेव्हां रस्ता तारेमागून गेला, तार स्टुअर्टमागून, आणि स्टुअर्ट पाण्यामागून. तें पाणी तरी त्यानें निर्माण केलें नव्हतें. हजारों वर्षें जे लोक त्या पाणवठ्यांवर राहत आले, त्यांच्या गाण्यांत ती नांवनिशी होतीच. पुस्तकांत छापलेला 'शोध' हा शब्द त्या रस्त्यावर मोठा विचित्र वाटतो.

आमच्या मोटारींत पाण्याचा हिशेब आमच्या कुटुंबाकडे होता. वीस लिटरांचे दोन डबे. त्यांतून प्यावयाचें किती, वरणभातास किती, भांड्यांस किती, हें तिनें वहींत लिहून ठेविलें होतें, आणि आम्ही जादा मागितलें तर वही दाखवीत असे. सूर्य कलण्यापूर्वीं मुक्काम गांठावयाचा, कारण कांगारू तिन्हीसांजांस रस्त्यावर येतात, हाहि दंडक तिचाच.

अ‍ॅलिस स्प्रिंग्ज हें खंडाच्या बरोबर पोटांतील शहर. टॉडच्या पत्नीच्या नांवावरून हें नांव पडलें. तेथें 'आकाशवाणीची शाळा' आहे, ती आम्ही मुद्दाम पाहिली. दूरदूरच्या गुरांच्या वाड्यांवरील मुलांस १९५१ पासून बिनतारी यंत्रावरून धडे देणें येथें सुरू झालें. आतां तें काम उपग्रहाच्या द्वारें चालतें. एका शाळेचा मुलुख सुमारें तेरा लाख चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या चौपटीहून अधिक! मुलाजवळ घरीं आई किंवा शिकवणारी बाई बसते. ती नसेल तर गुरुजी कितीहि ओरडले तरी उपयोग नाहीं. आमचें कुटुंब कांचेपलीकडून तो वर्ग पुष्कळ वेळ पाहत उभें होतें.

पुढें उलुरू. हा ३४८ मीटर उंचीचा तांबडा एकसंध पाषाण १९८५ सालीं त्याच्या मूळ मालकांस, अनांगु लोकांस, परत देण्यांत आला, आणि २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्यावर चढणें बंद झालें. कित्येक प्रवासी यावर अजून कुरकुरतात. आम्हांस ती कुरकुर समजत नाहीं. ज्यास कोणी देव मानतो त्याच्या डोक्यावर पाय देऊन फोटो काढण्याचा हट्ट कशास? आम्हीं पायथ्याची सुमारें दहा किलोमीटरांची प्रदक्षिणा घातली. साडेतीन तास लागले, व गुडघे दुखले.

तेथून किंग्ज कॅन्यनकडे जातांना भर दुपारीं मागचें चाक बसलें. मोटार भाड्यानें देणाऱ्या मंडळींनीं दिलेलें जादा चाक पाहतों तों त्यांतहि हवा नाहीं! दूरध्वनि मुका. मोटार सोडून चालूं लागावयाचें नाहीं, हा तेथील पहिला नियम. आम्ही मोटारीच्या सांवलींत सतरंजी टाकून बसलों. कुटुंबानें वही उघडून पाणी मोजलें. दोन दिवस पुरेल इतकें निघालें. मग बराच वेळ कोणी बोललें नाहीं. नंतर ती म्हणाली, "शह्यायशीं सालीं मी बाहेरून बी. ए. ला बसणार होतें, तुम्हांला ठाऊक आहे?" आम्हांस ठाऊक नव्हतें. अर्ज आणलेला होता. त्या वर्षीं घरांत दोन मुंजी निघाल्या, फीचे पैसे तिकडे गेले. शिवाय, घरांतले पुरुष मॅट्रिक आणि सून बी. ए., हें सासूबाईंस कसें सांगावें, हाहि प्रश्न होता. सांगण्यांत राग नव्हता. एवढेंच म्हणाली, कीं घरांत हें बोलावयास कधीं जागाच मिळाली नाहीं, कोणी ना कोणी दारांत असे.

पाऊण तासानें एक वृद्ध जोडपें आलें. तिकडे निवृत्त माणसें मोटारीमागें फिरतें घर जोडून महिनोन्महिने हिंडतात. त्यांस 'ग्रे नोमॅड', म्हणजे पिकल्या केसांचे भटके, असें म्हणतात. वानप्रस्थाश्रम आपल्या शास्त्रकारांनीं सांगितला, आचरतात हे! त्यांच्याजवळ हवा भरण्याचें यंत्र होतें. बाईनें चाक बदललें आणि तिच्या यजमानांनीं चहा केला.

कूबर पेडीचीं ओपल रत्नें व जमिनीखालचीं घरें यांविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्ही एक रात्र राहिलों, एवढेंच. पोर्ट ऑगस्टा हें बंदर मात्र आपल्या वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. १८६६ सालीं शंभरांवर उंट कराचीहून येथें उतरले, व त्यांबरोबर त्यांचे हांकणारेहि. तेव्हां कराची मुंबई इलाख्यांत होती. तारेचें सामान, अन्न, लोंकर हीं पुढें कित्येक वर्षें उंटांनीं वाहिलीं. मालमोटारी आल्यावर उंट रानांत सोडून देण्यांत आले, व त्यांची संतति त्या रानांत अजून हिंडत आहे.

घरीं परत आल्यावर आमच्या कुटुंबानें नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणविला आहे. ज्यांस या रस्त्यानें जावयाचें असेल त्यांनीं मे ते ऑगस्ट हाच काळ धरावा, पाण्याचे दोन डबे स्वतः भरून घ्यावे, आणि मोटार ताब्यांत घेतांना जादा चाकावर अंगठा दाबून पाहावा.