वस्तूंना वाचा फुटते तेव्हा

ज्या नाटकाचा सारा प्राण संवादांच्या चकमकीत, त्याचा मूकपट करणे म्हणजे गवयाचा गळा काढून घेऊन त्याला मैफलीस बसविणे, असे कोणासही वाटावे. परंतु लाबिश आणि मार्क-मिशेल यांच्या १८५१ सालच्या फ्रेंच प्रहसनावरून रने क्लेर याने निर्मिलेला आणि १९२८ साली पॅरिसमध्ये प्रदर्शित झालेला 'इटलीची गवती हॅट' हा चित्रपट पाहिला, की हा समज साफ खोटा ठरतो.

स्वतःच्या लग्नासाठी निघालेल्या फादिनारचा घोडा वाटेत झुडपावर अडकलेली एका विवाहितेची हॅट खाऊन टाकतो. तिच्या सोबतीस असलेला लष्करी प्रियकर नवरदेवास हुकूम फर्मावतो की, अगदी तशीच हॅट हजर कर, नाहीतर तुझ्या घरातील सामानसुमानाची धूळधाण झालीच म्हणून समज! मग एकीकडे लग्नाचे सोपस्कार आणि दुसरीकडे हॅटची शोधाशोध, अशी त्या बिचाऱ्याची दिवसभर ओढाताण चालते.

मूळ प्रहसनात हे सारे शब्दांच्या आतषबाजीने रंगते. क्लेर मात्र शब्दांची सनद काढून घेऊन ती वस्तूंच्या हवाली करतो. वधूपित्याला चावणारा जोडा, बहिऱ्या काकाचा कानाला लावायचा कर्णा, कोणा पाहुण्याचा हरवलेला एक हातमोजा, एवढ्यावरच त्या माणसांची ओळख पटते आणि ती अखेरपर्यंत पुसली जात नाही. नगराधिकारी वधूवरांपुढे गंभीरपणे भाषण करीत असताना एक बाई आपल्या यजमानांना, गळ्यातील टाय घसरला आहे, असे खुणेने सुचविते. ती खूण आपल्यालाच आहे अशा समजुतीने एकेक पुरुष आपला टाय चाचपू लागतो, आणि अखेर खुद्द त्या अधिकाऱ्याचा हातही गळ्याकडे जातो. प्रतिष्ठेचा जामानिमा एका गाठीवर कसा तोललेला असतो, हे याहून नेमके कोणते भाषण सांगू शकले असते?

क्लेरने कथा १८९५ सालात, म्हणजे ल्युमिएर बंधूंनी पॅरिसमध्ये तिकीट लावून चलच्चित्रांचा पहिला खेळ दाखविला त्या वर्षात, नेऊन ठेवली, हेही मला अर्थपूर्ण वाटते. चित्रकलेच्या या धाकट्या भावंडाने आपल्या जन्मवर्षातच आपली खरी भाषा शोधावी, अशीच जणू ती योजना.

आणि शेवटी निष्पन्न काय होते? सबंध गावभर धुंडाळलेली ती हॅट बहिऱ्या काकाने आणलेल्या आहेराच्या पेटीतच सकाळपासून असते. ज्याला एक शब्द ऐकू येत नाही, त्याच्याच हाती उत्तर सोपवून क्लेरने आपल्या कलेवरची श्रद्धा उघड करून दाखविली आहे.

— चित्ररसिक